पेटीवाल्याला सुट्टी

आधी माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं भांडण समजायला सोपं जाईल. मी कथकच्या क्लासमध्ये लेहरा धरतो. लेहरा म्हणजे तालाच्या एका आवर्तनात बसणारी छोटी चाल. ती पेटीवर तीच ती, अर्धा-अर्धा तास वाजवायची आणि तिच्यावर मुलींनी नाचायचं. तबला मात्रा मोजतो, लेहरा त्या मात्रांमधलं घर दाखवतो. सम कुठे, खाली कुठे, घरी पोचायला किती पावलं उरली, हे लेहरा ऐकून कळतं. मी देवगाव रंगारीचा, तालुका कन्नड. पेटी गावच्या भजनी मंडळात शिकलो. काही वर्षं आठवड्यातून दोनदा एसटीनं संभाजीनगरला जाऊन एका क्लासमध्ये वाजवत होतो. मागच्या वर्षी त्या क्लासनं सांगितलं, आता तुम्ही नाही आलात तरी चालेल, आम्ही ॲप घेतलंय.

काम गेलं म्हणून हा माणूस चिडलाय, असं तुम्हाला वाटेल. चिडलोयच. पण चिडलेल्या माणसाचा मुद्दाही कधीकधी बरोबर असतो, म्हणून पुढं वाचा.

आधी ॲपच्या बाजूनं बोलतो, कारण ती बाजू लंगडी नाही. ॲपमध्ये पट्टी निवडता येते, राग निवडता येतो, लय एकेका ठोक्यानं वाढवता येते. ते दमत नाही, चहा मागत नाही, त्याची एसटी चुकत नाही. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून तालुक्याच्या गावांतही नाचाचे क्लास निघाले. तिथं तबलजी कुठून आणणार आणि पेटीवाला कुठून? पहाटे पाचला उठून घरच्या ओसरीवर तत्कार करणाऱ्या मुलीला ॲप हा आधार आहे. तिच्या हातातून तो काढून घ्या, असं मी म्हणणार नाही. माझं भांडण घरच्या रियाजाशी नाहीच. ते क्लासशी आहे. शिकवायची जागा आणि पाठ करायची जागा यांत फरक आहे, आणि आपण तो पुसत चाललोय.

लेहरा म्हणजे काय, सोळा मात्रांची एक ओळ, कुणीही वाजवेल, असं नाचणारेही म्हणतात. बरं. पण कुठली ओळ?

सात-आठ वर्षांच्या मुलींची बॅच घ्या. त्यांचा पहिला धडा तत्कार: ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. आठ मात्रा, दोनदा म्हटलं की तीनतालाचं आवर्तन पुरं. मी त्यांना भूप देतो. पाच सूर, सरळ चढउतार, कुठेही कोपरा नाही. समेवर षड्ज ठेवतो. नवव्या मात्रेला, म्हणजे खालीला, चाल मंद्रातल्या धैवताकडे उतरवतो आणि तेराव्यापासून पायऱ्या चढत पुन्हा षड्जाला आणतो. त्या मुलींना खाली म्हणजे काय ते कुणी समजावून सांगायला लागत नाही. सूर खाली गेला की त्यांना कळतं की अर्धं झालं, आणि सूर चढायला लागला की कळतं की घर आलं. महिन्याभरानं त्यांच्या माना आपोआप समेवर हलायला लागतात. मग मी षड्ज बदलून समेवर पंचम ठेवून बघतो. ज्या मुलीचं पाऊल तरीही बरोबर पडतं, तिला ताल कळला. जिचं चुकतं, तिला फक्त माझी चाल पाठ झाली होती.

ही परीक्षा ॲप घेत नाही. घेईलही, पण घ्यायची हे कुणाला तरी सुचावं लागतं.

मोठ्या मुलींचा ठाठ विलंबित लयीत असतो. तिथं नवखा पेटीवाला मात्रांमधली जागा भरत सुटतो. मुलीची नजर, मनगट, भुवई इतकं सावकाश हलत असतं आणि हा पठ्ठ्या मध्ये चार मुरक्या घालतो. ठाठाला लांब सूर लागतात, भाता हलका लागतो. हात वर जाताना सूर तुटला तर हातही तुटतो. द्रुत तत्काराला याच्या उलट. तिथं सूर आखूड हवेत, बोट पटकन उचललं पाहिजे, नाहीतर पायांचा आवाज पेटीच्या गोंगाटात बुडतो. आणि चक्कर असतील तेव्हा मी चाल अगदी साधी करतो आणि समेच्या सुरावर वजन देतो. गरगरलेल्या डोक्याला त्या क्षणी नक्षी नको असते, धरायला खुंटी हवी असते.

बहुतेक ठिकाणी ऐकू येतो तो चंद्रकंसचा लेहरा. त्यातला शुद्ध निषाद षड्जाकडे असा ओढतो की समेवर न येऊन सांगतो कुणाला! म्हणून तो लोकप्रिय, आणि मलाही आवडतो. पण क्लासमध्ये पाच-पाच वर्षं तेच एक रेकॉर्डिंग लावलेल्या मुली मी पाहिल्यात. त्यांच्यापुढं कीरवाणी धरला की दुसऱ्याच आवर्तनात त्या एकमेकींकडं बघायला लागतात. विशारदपर्यंत पोचलेल्या मुली. सोळा मात्रा हातावर बिनचूक मोजतात, पण चाल बदलली की सम हरवते. दोष त्यांचा नाही. त्यांना जो रस्ता दाखवला त्यावर एकच झाड होतं, आणि त्या झाडावरून त्या वळण ओळखायच्या.

आता मुख्य गोष्ट. लेहरा वाजवणारा हातानं वाजवतो, पण काम करतो डोळ्यांनी.

तत्काराची दुगुण सुरू झाली की मुली पळायला लागतात. सगळ्याच पळतात, हा मानवी स्वभाव आहे. कार्यक्रमात लेहरेवाल्यानं नर्तकीच्या मागं जायचं नसतं, त्यानं फूटपट्टीसारखं सरळ राहायचं, हा नियम मला मान्य आहे. पण क्लासमध्ये प्रश्न रोज नव्यानं येतो. समोरची मुलगी उत्साहानं पळतेय की घाबरून? उत्साहानं पळत असेल तर मी तसूभरही हलत नाही, तिला भिंतीवर आदळू देतो. समेवर ती एकटीच पुढं निघून गेलेली असते, हसते, परत येते. घाबरून पळत असेल तर एक आवर्तन तिच्याबरोबर जातो, दुसऱ्यात थोडं मागं ओढतो, तिसऱ्यात ती आपोआप जागेवर असते. कधी वाकायचं आणि कधी नाही हे मला तिचे खांदे सांगतात, घुंगरांचा आवाज सांगतो. एका पायाचे घुंगरू दुसऱ्यापेक्षा उशिरा वाजतायत हे पाठ फिरवूनही ऐकू येतं.

स्पीकरला यातलं काही दिसत नाही. तो कायम भिंत असतो. काही शिक्षक म्हणतात, भिंतच बरी, मुली पक्क्या होतात. माझा अनुभव असा की त्या पक्क्या होत नाहीत, भित्र्या होतात. रेकॉर्डिंग त्यांच्यासाठी थांबणार नाही हे माहीत असल्यामुळे त्या ऐकणं सोडून पाठलाग करतात. मग कधीतरी स्टेजवर हाडामांसाचा तबलजी समोर बसतो, त्यांच्याकडं बघून हसतो, एखादा तुकडा उचलून दाखवतो, आणि या गोठतात. समोरून कुणी उत्तर देऊ शकतं हे त्यांना ठाऊकच नसतं.

शिवाय क्लासमध्ये सगळं वरून खालपर्यंत सरळ चालत नाही. बाई म्हणतात, "थांबा, खालीपासून." मी खालीपासून उचलतो. बाई म्हणतात, "फक्त तिहाई, तीनदा." मी तेराव्याच्या आधी येऊन उभा असतो. स्पीकरच्या क्लासमध्ये यासाठी एक मुलगी ओळ सोडून फोनकडं पळते, फोन लॉक झालेला असतो, ॲप सोडून कुणी यूट्यूब लावलं असेल तर मध्येच पर्सनल लोनची जाहिरात लागते. तोवर बाकीच्यांचे पाय गार. आणि बाईंचा एक डोळा कायम फोनवर. वाजवणारा बसलेला असला की त्यांचे दोन्ही हात मोकळे असतात, त्या मुलीचं मनगट धरून सांगू शकतात की इथं नाही, इथं.

हे सगळं मी कुठं शिकलो? कथकमध्ये नाही. गावात शिकलो.

आमच्याकडं हरिनाम सप्ताहाच्या आधी पोरांना पावल्या शिकवतात. टाळकऱ्यांच्या समोरासमोर दोन रांगा, मध्ये पखवाजवाला. पुढं पाऊल, मागं पाऊल, गिरकी, बसकण, आणि टाळ हातात चालूच. पखवाजवाला उभा असतो, गळ्यात पखवाज, आणि त्याची नजर पखवाजावर नसतेच, ती पोरांच्या पायांवर असते. एखाद्या रांगेत गडबड झाली की तो त्या रांगेकडं तोंड करून साधा ठेका धरतो, बोल कमी करतो, जमलं की पुन्हा रंगात येतो. शाळेतल्या लेझमीलाही तेच. लेझीम हा कवायतीचा प्रकार, दोन-चार-आठच्या हिशेबात चालणारा, म्हणजे स्पीकरला अगदी सोयीचा. तरीही हलगी कडाडली की पोरांची पाठ जशी ताठ होते तशी पेनड्राइव्हवरच्या हलगीनं होत नाही, हे पंधरा ऑगस्टला कुठल्याही शाळेच्या मैदानावर जाऊन बघा. हलगीवाला लेझीम शिकवत नसतो, पण त्याच्याशिवाय शिकवणाऱ्याचा घसा बसतो. त्याला गावानं कुठं बसवलं आणि पंगतीत कधी वाढलं, ते मी सांगायला नको. वाजवणाऱ्याला शेवटी मोजायची आपली सवय फार जुनी आहे. क्लासनं ती फक्त पुढं चालवली.

तुमच्यापैकी अनेकांनी 'ये बॅले' पाहिला असेल. सूनी तारापोरवाला यांचा २०२०चा सिनेमा, मुंबईतल्या दोन गरीब घरच्या पोरांची गोष्ट, अमिरुद्दीन शाह आणि मनीष चौहान या खऱ्या मुलांवरून घेतलेली. तो पाहिल्यावर मी बॅलेच्या क्लासचे व्हिडिओ बघत सुटलो. नाचाचं मला फारसं कळलं नाही, पण कोपऱ्यातला पियानोवाला बघून आनंद झाला. हा तर आपल्यातलाच निघाला!

बॅलेचा क्लास दांडीला धरून सुरू होतो. पहिला व्यायाम प्लिए, म्हणजे गुडघे सावकाश वाकवायचे आणि सावकाश वर यायचं. शिक्षक तो व्यायाम एकदा हातापायांनी दाखवतात, आणि तेवढ्या दहा-पंधरा सेकंदांत पियानोवाल्यानं ठरवायचं: तीनचा ताल की चारचा, किती आठ-आठच्या ओळी, कुठली चाल. प्लिएला त्याला लांब, न तुटणारं संगीत लागतं. सूर खाली पडला तर गुडघेही पडतात. म्हणजे आमचा ठाठच. मग फ्रापे नावाचा प्रकार येतो, पाऊल झटक्यानं बाहेर फेकायचं. तिथं तुटक, टोकदार सूर, आमच्या द्रुत तत्कारासारखे. ग्राँ बात्माँ, म्हणजे सरळ पाय उंच फेकायचा, त्याला बहुधा लष्करी कूच असते तसली चाल. मोठ्या उड्यांना झुलता तीनचा ताल, कारण उडी घेतलेल्या माणसाला हवेत थोडा वेळ द्यावा लागतो. सुरू करण्याआधी चार मात्रा वाजवायच्या, म्हणजे मुलांना श्वास घेता येतो आणि लय कळते. उजवीकडून झालं की डावीकडून, तेच संगीत पुन्हा. पॅरिस ऑपेरा किंवा लंडनच्या रॉयल बॅलेत मुरलेले नर्तकही रोज सकाळी क्लास करतात, आणि तिथं पियानोवर माणूस बसलेला असतो. त्यांना रेकॉर्डिंग परवडत नाही म्हणून नव्हे. पियानो येण्याआधी हे काम व्हायोलिनवर चालायचं. एदगार देगानं एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या नृत्यवर्गांची चित्रं काढली, त्यांतल्या काहींत तो व्हायोलिनवाला दिसतो. चित्रकाराला तो दिसला. आमच्याकडच्या क्लासच्या इन्स्टाग्राम रीलमध्ये पेटीवाला फ्रेमच्या बाहेर असतो.

परदेशातलं सोडा म्हणाल, तर आपल्या शहरात या. विद्यापीठाच्या मागं डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. वेरूळ-अजिंठ्याच्या गर्दीत त्यांच्याकडं कुणी फिरकत नाही. सातव्या लेण्यात गाभाऱ्याच्या भिंतीवर एक नर्तकी कोरलेली आहे, आणि तिच्याभोवती वाद्यं घेऊन बसलेल्या बायका. सहा. एकीसाठी सहाजणी! छिन्नी चालवणाऱ्या त्या कारागिराला दगड वाचवायचा असता तर त्यानं एकटी नर्तकी कोरून काम संपवलं असतं.

आणि देवगिरी. माझ्या एसटीच्या वाटेवर तो किल्ला लागतो. तेराव्या शतकात, सिंघण यादवाच्या काळात, शार्ङ्गदेवानं तिथं 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याचे अध्याय सात, सहावा वाद्यांचा आणि सातवा नर्तनाचा, शेजारी शेजारी. गाणं, वाजवणं आणि नाचणं या तिघांना मिळून संगीत म्हणायचं, ही व्याख्या त्यानं ग्रंथाच्या आरंभीच देऊन ठेवली. मजा अशी की शार्ङ्गदेव यादवांच्या दरबारात हिशेबाच्या खात्यावर होता. म्हणजे खर्चाची कात्री कशी चालवतात हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत असणार, तरी त्यानं वाजवणारा कापला नाही. याच शहरातल्या महागामी गुरुकुलाचा शार्ङ्गदेव समारोह त्याच्याच नावानं होतो. त्याचं नाव घेणाऱ्या शहरात मुलींना नाच शिकवताना फक्त ब्लूटूथ लावायचं, हे मला पटत नाही.

कुणी म्हणेल, तुमची पेटी तरी कुठली? खरंय. कथकचा लेहरा जुन्या काळी सारंगीचा. पेटी युरोपातून आली, पॅरिसच्या आलेक्सांद्र दबँनं १८४२मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं, मग कलकत्त्यात तिला मांडी घालून बसायला शिकवलं. तिनं सारंगीवाल्यांच्या पोटावर पाय दिला हे मी नाकारत नाही. आकाशवाणीनं तर १९४०मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती उठायला १९७१ उजाडलं. म्हणजे यंत्र म्हणून शिव्या खाऊन झालेल्या वाद्याचा मी वादक, आणि आता दुसऱ्या यंत्राला शिव्या देतोय. द्याव्याच लागतात. पेटीला भाता मारायला माणूस लागतो. तो माणूस समोर बघतो. माझं म्हणणं त्या माणसाबद्दल आहे, लाकडाबद्दल नाही. उद्या कुणी सिंथेसायझरवर लेहरा धरला, गिटारवर धरला, तरी माझी हरकत नाही, फक्त त्याचं तोंड मुलींकडं असू द्या.

शेवटी पैशाचं, कारण ॲपचा खरा मुद्दा तोच. त्या क्लासमधल्या माझ्या बॅचला २२ मुली होत्या. फी महिना ८०० रुपये, म्हणजे १७,६०० रुपये. मला एका क्लासचे २५० मिळायचे, महिन्यातले आठ क्लास, २,००० रुपये. दर मुलीमागं ९१ रुपये. त्यातून माझं एसटीचं तिकीट जायचं, ते वेगळं. मी हा हिशेब बाईंना दाखवला नाही, त्यांना तो माहीत होताच. त्यांनाही जागेचं भाडं आहे, शेजारच्या गल्लीत ६०० रुपयांत शिकवणारा दुसरा क्लास आहे, आणि पालक विचारतात की स्टेजवर कधी आणणार. वाजवायला कोण आहे असं एकाही पालकानं कधी विचारलं नाही. माझा राग बाईंपेक्षा या पालकांवर जास्त आहे. मुलीच्या घुंगरांसाठी, कपड्यांसाठी, गॅदरिंगच्या फोटोंसाठी हजारांनी खर्च करतात. क्लास लावताना एवढं विचारा ना, की बाई, पेटीवर कोण, तबल्यावर कोण? रोज नको, आठवड्यातून एक दिवस असेल का? दहा पालकांनी विचारलं तर अकराव्या दिवशी कुणाला तरी फोन जाईल. संभाजीनगरच्या भोवतालच्या गावांत भजनी मंडळं आहेत, पखवाज वाजवणारी, पेटी धरणारी पोरं आहेत. त्यांना तीनताल शिकवायला फार काळ लागत नाही. लय त्यांच्या अंगात आहेच, शहरात कुणी बोलवत नाही एवढंच.

परीक्षा घेणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत इतक्या परीक्षा होतात. निदान वरच्या परीक्षांना विद्यार्थिनीला एकदा अनोळखी वादकासमोर, न ऐकलेल्या लेहऱ्यावर तत्कार करायला लावा. क्लास आपोआप पेटीवाले शोधायला लागतील.

सध्या मी रविवारी सकाळी गावातच वाजवतो. चार मुली आहेत, प्रवेशिकेची परीक्षा देणार आहेत, शाळेची एक खोली मिळाली आहे. त्यांच्या बाई कन्नडहून येतात. फोन पिशवीत, पिशव्या बाहेर व्हरांड्यात. त्यातल्या एकीचं डावं पाऊल दुगुणीत उशिरा पडतं, बरोबर सहाव्या मात्रेवर, आणि ती ते झाकायला हात जोरात फिरवते. दोन रविवार भूप वाजवून पाहिला, फरक नाही. या रविवारी दुर्गा धरणार आहे, सहाव्या मात्रेवर मध्यम ठेवून.